कायद्याकडे नेणारी पुस्तकं

ज्युनियरनं नुसतं ‘चारशे ब्याऐंशी’ म्हटलं की सीनियर हल्ली आधी विचारतात, “जुनं की नवीन?”

फौजदारी प्रक्रिया संहितेत, म्हणजे वकिलांच्या बोलण्यातल्या सीआरपीसीत, ४८२ हे कलम उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचं होतं. आपल्यावर खोटा गुन्हा दाखल झालाय, तो रद्द करा, असं म्हणत माणसं याच कलमाखाली उच्च न्यायालयात जात. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात ४८२ हा आकडा अटकपूर्व जामिनाच्या वाट्याला आला आणि अंगभूत अधिकार ५२८ वर गेले. अटकपूर्व जामीन त्याआधी ४३८ मध्ये होता. एकाच आकड्याचे दोन अर्थ सध्या एकाच वेळी चालू आहेत, कारण जुने खटले संपलेले नाहीत आणि नवे रोज दाखल होतायत.

खून म्हणजे तीनशे दोन आणि फसवणूक म्हणजे चारशे वीस, हे न शिकलेल्या माणसालाही ठाऊक होतं. आता खुनाची शिक्षा भारतीय न्याय संहितेच्या १०३ मध्ये आणि फसवणूक ३१८च्या चौथ्या पोटकलमात आहे. भारतीय दंड संहितेची ५११ कलमं होती, न्याय संहितेची ३५८ आहेत. पुराव्याच्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. शंभर-दीडशे वर्षांत या कलमांभोवती जे काही लिहिलं गेलं, त्या टीका, डायजेस्ट, निकालांच्या मालिका आणि पाठ्यपुस्तकं, ते सगळं एका रात्रीत जुन्या आकड्यांचं झालं.

संपादकांनी या अंकासाठी ‘कामाचं वाचन’ असा विषय सुचवला तेव्हा मला फौजदारी वकिलांची कपाटं आठवली. या मंडळींचं वाचन हौसेचं नसतं. त्यांनी एखादं पान वाचलं किंवा वाचायचं राहिलं, यावर कुणीतरी तुरुंगात राहतं किंवा बाहेर येतं. ते वाचन कसं चालतं हे पाहायला मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्हा न्यायालयाच्या बार लायब्ररीत जाऊन बसलो.

रतनलाल, सरकार, सोहोनी

लायब्ररी म्हणजे एक लांबट खोली. मधोमध दोन जोडलेली टेबलं, भिंतींना लोखंडी कपाटं, दाराशी ग्रंथपालकाकांची रजिस्टरं. सकाळी दहा ते अकरा इथे बसायला जागा मिळत नाही. अकराला बोर्ड सुरू झाला की खोली रिकामी होते आणि मग दर पंधरा-वीस मिनिटांनी कुणीतरी धापा टाकत येतं: “काका, जरा रतनलाल द्या, साहेबांनी विचारलंय.”

इथे पुस्तकांना नावानं कुणी ओळखत नाही, लेखकांच्या नावानं ओळखतात. रतनलाल म्हणजे रतनलाल रणछोडदास आणि धीरजलाल केशवलाल ठाकोर यांची दंड संहितेवरची टीका. याच रतनलाल-धीरजलालांचं नाव १८९९ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ या निकालांच्या मालिकेशीही जोडलेलं आहे. पुराव्यासाठी सरकार, प्रक्रियेसाठी सोहोनी, डॉक्टरांच्या उलटतपासणीसाठी मोदी. मूळ लेखक केव्हाच गेले. त्यांच्या नावावर नव्या आवृत्त्या निघत राहतात, निवृत्त न्यायमूर्ती आणि प्राध्यापक त्या अद्ययावत करतात.

हे सगळे आधार दुय्यम. मूळ आधार दोनच: विधिमंडळानं केलेला कायदा आणि न्यायालयांचे निकाल. राज्यघटनेच्या १४१ व्या अनुच्छेदानं सर्वोच्च न्यायालयानं घोषित केलेला कायदा सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक होतो. रतनलालांचं मत कुणावर बंधनकारक नाही. ते फार तर पटण्याजोगं असतं. मग कलमाचं पातळ पुस्तक, ज्याला इथे ‘बेअर अ‍ॅक्ट’ म्हणतात, ते सोडून सगळे या जाड ठोकळ्यांकडे का वळतात?

कारण कलम एकटं काहीच पुरतं सांगत नाही. न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाचंच पाहा. निष्काळजीपणानं मृत्यू घडवण्याचं हे कलम, जुनं ३०४-अ. त्याचं दुसरं पोटकलम वाहनचालकानं अपघात करून न कळवता पळून जाण्याबद्दल आहे आणि त्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जानेवारी २०२४ मध्ये देशभरच्या ट्रकचालकांनी याच तरतुदीविरुद्ध चाकं थांबवली होती. त्यानंतर निघालेल्या अधिसूचनेत केंद्र सरकारनं नवा कायदा १ जुलैपासून लागू करताना हे एक पोटकलम वगळलं. बेअर अ‍ॅक्टच्या पानावर मात्र ते इतर पोटकलमांसारखंच ठसठशीत छापलेलं दिसतं. ते लागू झालेलं नाही, हे खालच्या बारीक टीपेत किंवा टीकाग्रंथात कळतं.

तसंच तुलनेच्या तक्त्यांचं. नवे कायदे आले तेव्हा जुन्या-नव्या कलमांचे तक्ते सगळीकडे फिरले. पोलीस ठाण्यांत ते भिंतीवर लागले, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचं ‘संकलन’ हे अ‍ॅप मोबाइलवर आलं. हे तक्ते उपयोगाचे आहेत, पण त्यांच्यावर टेकून उभं राहता येत नाही. तक्त्यात ३०४-अ समोर १०६(१) लिहिलेलं असतं. ३०४-अ ला कमाल शिक्षा दोन वर्षं होती, १०६(१) ला पाच आहे, आणि नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून उपचारांत असा मृत्यू घडला तर ती दोनच राहते. हे सगळं त्या एका ओळीच्या पोटात आहे आणि तक्ता ते सांगत नाही.

पोलीस कोठडीचा प्रश्न याहून नाजूक. १९९२ च्या अनुपम कुलकर्णी निकालापासून प्रत्येक दंडाधिकाऱ्याला पाठ होतं, की पोलीस कोठडी पहिल्या पंधरा दिवसांतच. नंतर आरोपी न्यायालयीन कोठडीत. सुरक्षा संहितेचं १८७ वं कलम म्हणतं, की हे पंधरा दिवस, सलग किंवा तुकड्यांनी, पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत केव्हाही देता येतील. म्हणजे जामिनाच्या वाटेवर असलेल्या माणसाला पुन्हा पोलिसांच्या ताब्यात मागता येतं. जुन्या सोहोनीत या मुद्द्यावर पानंच्या पानं आहेत आणि त्यातलं किती उरलं हे प्रत्येक वकिलाला नव्यानं तपासावं लागतंय.

दरोड्याच्या तयारीतला

टेबलाच्या टोकाला एक तरुण वकील बसल्या होत्या. सहायक लोक अभिरक्षक. वकील करण्याची ऐपत नसलेल्या आरोपींसाठी विधी सेवा प्राधिकरणानं जिल्ह्याजिल्ह्यांत पगारी बचाव वकील नेमलेत, त्यांतल्या त्या एक. राष्ट्रीय पातळीवर ही योजना २०२२ मध्ये आली. त्यांच्यापुढे एका कच्च्या कैद्याचे कागद होते. त्याला डिसेंबर २०२१ मध्ये अटक झालेली. गुन्हा जुन्या दंड संहितेच्या ३९९ आणि ४०२ खाली. दरोड्याची तयारी आणि दरोड्यासाठी एकत्र जमणं. ‘दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद’ अशी बातमी ज्या गुन्ह्याची येते, तोच. मी त्यांना भेटलो ते २०२५ च्या पावसाळ्यात. आरोप निश्चित झाले होते, साक्षीदार एकही तपासला गेला नव्हता.

त्यांची शोधाची रीत जवळून पाहण्यासारखी होती. त्यांनी आधी बेअर अ‍ॅक्ट उघडला. सुरक्षा संहितेचं ४७९ वं कलम: ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, त्यात कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेच्या निम्मा काळ तुरुंगात काढला तर त्याला जामिनावर सोडायचं, आणि पूर्वी कधीही दोषी न ठरलेला असेल तर एक तृतीयांशानंतरच. जुन्या ४३६-अ मध्ये फक्त निम्म्याची गोष्ट होती. ३९९ ला कमाल दहा वर्षं. निम्मे म्हणजे पाच, एक तृतीयांश म्हणजे तीन वर्षं चार महिने. हा माणूस पहिल्यांदाच सापडलेला आणि साडेतीन वर्षं ओलांडलेला. जुन्या कायद्यानं तो आतच राहील, नव्यानं बाहेर येऊ शकेल.

पण त्याचा गुन्हा जुन्या कायद्याच्या काळातला. नव्या कायद्याची सवलत त्याला मिळते का? त्यांनी कपाटातून नव्या संहितेवरची टीका काढली. पहिली आवृत्ती, २०२४ च्या मध्यावर बाजारात आलेली. कलमाखाली ४३६-अ वरचे जुने निकाल नीट मांडलेले होते. त्यांच्या प्रश्नावर एक ओळही नव्हती.

त्या थांबल्या नाहीत. पुस्तकाचं पहिलं पान उलटून त्यांनी छपाईची तारीख पाहिली आणि मोबाइल उघडला. तुरुंगांतल्या अमानवी परिस्थितीबद्दलची एक याचिका सर्वोच्च न्यायालयात २०१३ पासून चालू आहे, १,३८२ तुरुंगांची म्हणून ती ओळखली जाते. तिच्यात २३ ऑगस्ट २०२४ ला आदेश झाला, की ४७९ चा लाभ १ जुलै २०२४ पूर्वी नोंदल्या गेलेल्या गुन्ह्यांतल्या कच्च्या कैद्यांनाही द्यायचा आणि तुरुंग अधीक्षकांनी त्यासाठी न्यायालयांत अर्ज करायचे. जुलैत छापलेल्या पुस्तकात ऑगस्टचा आदेश कुठून येणार? पुस्तकाची चूक नव्हती. छपाईची तारीख पाहण्याची सवय नसलेल्या वकिलाचा अशील मात्र पाच वर्षं पुरी होईपर्यंत आत राहिला असता.

अडचण अजून एक होती, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. ४७९ च्या दुसऱ्या पोटकलमात म्हटलंय, की एकाहून अधिक गुन्ह्यांचा किंवा अनेक प्रकरणांचा तपास वा खटला प्रलंबित असेल तर या कलमाखाली जामीन नाही. जुन्या कायद्यात ही अट नव्हती. आता ‘एकाहून अधिक गुन्हे’ म्हणजे काय? वेगवेगळ्या घटना, की एकाच घटनेवर लावलेली दोन कलमं? दरोड्याच्या तयारीत ३९९ आणि ४०२ जोडीनंच लागतात. आपल्याकडचं कुठलंही दोषारोपपत्र घ्या, एकच कलम असलेलं क्वचित सापडेल. शब्दशः वाचलं तर कलमाच्या पहिल्या भागानं जे दिलं ते दुसऱ्या भागानं जवळजवळ सगळ्यांकडून काढून घेतलं असं होईल. संसदेला तसं करायचं असतं तर एक तृतीयांशाची सवलत घातलीच कशाला असती, असा युक्तिवाद त्या मांडणार होत्या. तो मला पटतो. हजारो गरीब कैद्यांचा प्रश्न आहे हा आणि त्याचा निकाल लागेपर्यंत प्रत्येक जिल्ह्यातला प्रत्येक वकील तो स्वतःच्या बळावर लढतोय.

पानाखालच्या टीपेपासून निकालापर्यंत

टीकाग्रंथ वाचण्याची एक शिस्त आहे आणि चांगले सीनियर ती ज्युनियरच्या अंगात मुरवतात. पुस्तकात जे वाक्य सापडलं ते कोर्टात वाचायचं नाही. वाक्यावरचा बारीक आकडा पाहायचा, तळटीपेतला निकाल लिहून घ्यायचा, रिपोर्टर काढायचा आणि निकाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा. मग पाहायचं, की तो निकाल अजून उभा आहे का, नंतरच्या मोठ्या पीठानं तो फिरवलेला तर नाही ना.

लायब्ररीतल्या एका सीनियरांनी मला हे निवेदन पंचनाम्यावरून समजावलं. महाराष्ट्रातल्या खुनाच्या जवळजवळ प्रत्येक खटल्यात हा कागद असतो. कोठडीतला आरोपी पंचांसमोर म्हणतो, की मी वस्तू कुठे लपवली ते दाखवतो, पोलीस, पंच आणि आरोपी जीपमधून जातात, आरोपी काढून देतो, जप्ती होते. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही. पण त्याच्यामुळे एखादी गोष्ट उघडकीला आली तर तेवढ्यापुरता तो चालतो. पुराव्याच्या जुन्या कायद्यात हे २७ वं कलम होतं, नव्या अधिनियमात ते स्वतंत्र राहिलं नाही, २३ व्या कलमाचं परंतुक झालं.

सरकारांच्या ग्रंथात या एका कलमावर ढिगानं मजकूर आहे आणि त्या सगळ्याच्या मुळाशी प्रिव्ही कौन्सिलचा पुलुकुरी कोटय्या हा १९४७ च्या रिपोर्टरात छापलेला निकाल आहे. हेडनोट वाचणारा एवढंच घेऊन येतो, की कलम २७ खाली वस्तू सापडली तर जबाब ग्राह्य. निकाल वाचणाऱ्याला वेगळं दिसतं. समजा आरोपी म्हणाला, “ज्या सुऱ्यानं मी त्याला भोसकलं तो सुरा मी छपरात लपवलाय, काढून देतो.” सुरा सापडला म्हणजे तो ‘उघडकीला आला’ असं प्रिव्ही कौन्सिल मानत नाही. उघडकीला आलं ते एवढंच, की सुरा तिथे होता आणि आरोपीला ते ठाऊक होतं. ‘ज्यानं मी त्याला भोसकलं’ हे शब्द पुराव्यात येत नाहीत. त्या सुऱ्यानंच खून झाला हे सरकारी पक्षाला दुसऱ्या पुराव्यानं सिद्ध करावं लागतं, रक्तगटानं, जखमेच्या मापानं, साक्षीदारानं. ते झालं नाही तर छपरात सुरा असणं हा खून नव्हे.

“हेडनोट निकालाचा भाग नसतो,” सीनियर म्हणाले. “संपादकानं काढलेला तो सारांश असतो. मी तो दारावरच्या पाटीसारखा वापरतो. आत कोण राहतं ते आत गेल्यावरच कळतं.”

त्यांच्या हातात तेव्हा एआयआरचा जुना खंड होता. ऑल इंडिया रिपोर्टर नागपुरातून निघतो, त्यात १९१४ पासूनचे निकाल आहेत. व्ही. व्ही. चितळे यांनी उभी केलेली ही संस्था. तिचंच ‘क्रिमिनल लॉ जर्नल’ देशभरातले फौजदारी वकील वापरतात. देशाच्या कुठल्याही कोपऱ्यात झालेला निकाल निवडून, त्याला हेडनोट लावून, कलमवार सूची करून छापण्याचं काम विदर्भातल्या शहरात शतकभर चाललं, याचा आपल्याकडे म्हणावा तसा उल्लेख होत नाही. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात छापखान्यांची प्रकरणं असतात. त्यांत या कामाला जागा मिळायला हवी.

मोदींच्या ग्रंथाची गोष्ट जरा निराळी. जयसिंग मोदी यांचं न्यायवैद्यकावरचं पुस्तक १९२० मध्ये आलं. ते कायद्याचं पुस्तक नाहीच. शवविच्छेदन करणारा ग्रामीण रुग्णालयातला डॉक्टर साक्षीला उभा राहिला की बचावाचा वकील मोदी उघडतो आणि विचारतो, की मृत्यूनंतर इतक्या तासांनी ताठरता अशी असते, हे आपल्याला मान्य आहे का? तज्ज्ञांच्या ग्रंथातलं मत अशा रीतीनं पुढे आणायला पुराव्याचा कायदा काही अटींवर वाव देतो. पण डॉक्टरला तो उतारा न दाखवता, त्याचं म्हणणं न ऐकता, युक्तिवादाच्या वेळी पुस्तक फडकवणं योग्य नव्हे. जुने वकील हे कटाक्षानं पाळतात.

केळकरांचं पत्र

विधी महाविद्यालयांत प्रक्रिया शिकवताना हटकून लागणारं पुस्तक म्हणजे र. वि. केळकरांचं ‘क्रिमिनल प्रोसिजर’. अटकेपासून अपिलापर्यंतचा प्रवास त्यांनी कलमांच्या क्रमानं नव्हे तर घटनांच्या क्रमानं मांडला आणि जागोजाग विचारलं, की ही तरतूद न्याय्य चौकशीच्या कसोटीला उतरते का? पुढे के. एन. चंद्रशेखरन पिल्ले यांनी त्याच्या आवृत्त्या सांभाळल्या. परीक्षेपुरतं ते पुस्तक वाचलेल्या अनेकांना ठाऊक नसतं, की या लेखकानं आणखी एका छोट्याशा मजकुरावर सही केली होती आणि त्यानं देशाचा कायदा हलवला.

२६ मार्च १९७२ ला, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा गुन्हा नोंदला गेला. सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये पुन्हा सोडलं. तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य. मुलीनं प्रतिकार केल्याच्या खुणा नाहीत, म्हणून संमती होती, असा त्या निकालाचा रोख होता.

१६ सप्टेंबर १९७९ ला कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. निकालातला तर्क त्यांनी ओळीओळीनं तपासला. रात्री पोलिसांच्या ताब्यात असलेल्या गरीब मुलीची शरणागती आणि तिची संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं. महिला संघटना रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीतल्या बलात्कारासाठी वेगळी, कडक शिक्षा आली, आणि पुराव्याच्या कायद्यात ११४-अ आलं. अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असं स्त्रीनं साक्षीत सांगितलं, तर संमती नव्हती असं न्यायालयानं गृहीत धरायचं. नव्या अधिनियमात हेच १२० वं कलम आहे.

आज कुठल्याही टीकाग्रंथात १२० व्या कलमाखाली हा इतिहास दोन-तीन ओळींत येतो. त्या पत्राला बंधनकारक असं काहीच नव्हतं. ते दुय्यम साहित्यातही कुठल्या खान्यात बसवावं असा प्रश्न पडेल. पण अभ्यासकानं निकालाचं नुसतं संकलन न करता त्याला जाब विचारला, तर कायद्याचं लेखन कुठपर्यंत जाऊ शकतं, याचं माझ्या दृष्टीनं आपल्याकडचं हे सर्वांत मोठं उदाहरण आहे. वाईट याचं वाटतं, की हल्लीच्या बऱ्याच टीकांत निकालांचे उतारे एकाखाली एक रचलेले असतात आणि लेखकाचं मत शोधूनही सापडत नाही.

विधी आयोगाच्या अहवालांचंही असंच आहे. अटकपूर्व जामीन १९७३ च्या संहितेत आला तो १९६९ च्या एकेचाळिसाव्या अहवालाच्या शिफारशीवरून. वजनदार माणसं प्रतिस्पर्ध्याची बेअब्रू करायला किंवा काही दिवस त्याला गजांआड ठेवायला खोट्या प्रकरणांत गुंतवतात, हे त्या अहवालानं नमूद केलं होतं. १९८० मध्ये गुरबक्षसिंग सिबिया खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठानं या कलमाचा अर्थ लावताना हा अहवाल समोर ठेवला. तालुक्याच्या ठिकाणी अटकपूर्व जामिनाचा अर्ज लिहिणाऱ्याला हे अहवाल विधी आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. वाचणारे फार थोडे.

पडद्यावरचा शोध

बार लायब्ररीतली गर्दी आता पूर्वीइतकी राहिली नाही, असं ग्रंथपालकाका म्हणाले. इंडियन कानून हे संकेतस्थळ २००८ पासून फुकट आहे. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये आपले अधिकृत निकाल ई-एससीआरवर खुले केले. एससीसी ऑनलाइन, मनुपात्रा यांना वर्गणी पडते, पण मोठ्या ऑफिसांत त्या असतातच. पूर्वी ज्या निकालासाठी तालुक्याहून एसटीनं जिल्ह्याला यावं लागे तो आता व्हरांड्यात उभ्या उभ्या मिळतो. ही फार मोठी गोष्ट झालीय आणि ती छोट्या गावातल्या वकिलाच्या फायद्याची झालीय.

मात्र शोधखिडकीत शब्द टाकला की चारशे निकाल येतात आणि त्यांतला कोणता महत्त्वाचा हे खिडकी सांगत नाही. ते सांगायला टीकाग्रंथ लागतो, डायजेस्ट लागतो, कुणीतरी आधी विचार करून लावलेली संगती लागते. नव्या मुलांना निकाल मिळतो पण तो कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे ते कळत नाही, ही तक्रार मी इथल्या तीन वेगवेगळ्या सीनियरांकडून ऐकली.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं आलीत. न्यूयॉर्कमध्ये २०२३ मध्ये एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीनं दिलेले निकाल तसेच्या तसे दाखल केले. ते निकाल अस्तित्वातच नव्हते. न्यायालयानं पाच हजार डॉलर दंड केला. तो दिवाणी दावा होता, पैशांवर निभावलं. जामिनाच्या अर्जात असं घडलं तर किंमत आरोपी मोजेल. तळटीपेपासून निकालापर्यंत स्वतः चालत जाण्याची ती जुनी शिस्त आता अधिक गरजेची झालीय.

कपाट कुणाचं

मी असताना बारच्या समितीपुढे एक प्रश्न आला होता: जुन्या आवृत्त्या काढून टाकायच्या का? जागा नाही, कपाटं वाकलीयत. बहुतेकांनी नको म्हटलं आणि त्यांचं बरोबर होतं. राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदानुसार गुन्हा घडला त्या वेळी जो कायदा लागू होता त्याखालीच माणूस दोषी ठरू शकतो. ३० जून २०२४ च्या रात्रीपर्यंतचा प्रत्येक खून ३०२ खालीच चालेल, मग अपील कितीही वर्षांनी बोर्डावर येवो. सुरक्षा संहितेचं ५३१ वं कलम प्रलंबित कामकाज जुन्या प्रक्रियेनं चालू ठेवतं. म्हणजे जुना रतनलाल आणि नवा रतनलाल, दोन्ही लागणार, आणि पुढची कित्येक वर्षं लागणार.

दोन्ही घ्यायचे तर पैसा लागतो. एकेका टीकेचे दोन-दोन खंड काही हजारांत जातात आणि तीन कायद्यांचे मिळून नव्या वकिलाचं महिन्याचं सगळं उत्पन्न संपतं. जिल्ह्याच्या बारला आमदार निधीतून, देणग्यांतून काही मिळतं. तालुक्याच्या बारमध्ये मी अशी कपाटं पाहिली, की शेवटची आवृत्ती दहा-पंधरा वर्षांमागची. कनिष्ठ न्यायालयांचं कामकाज महाराष्ट्रात मराठीत चालावं असा शासनाचा निर्णय आहे, जबाब मराठीत होतात, पंचनामे मराठीत लिहिले जातात. मराठीत वाचून अर्ज लिहिणाऱ्या वकिलाला विश्वासानं हातात घ्यावी अशी, तळटीपांसह, दरवर्षी अद्ययावत होणारी मराठी टीका मात्र त्या कपाटांत मला दिसली नाही. हे काम एखाद्या विद्यापीठानं किंवा न्यायिक अकादमीनं अंगावर घेतलं पाहिजे. प्रकाशकाला ते परवडण्याची वाट पाहत बसलो तर ते होणार नाही.

१९७८ मध्ये हॉसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितलं, की कैद्याला त्याच्या निकालाची प्रत वेळेत आणि फुकट मिळणं, आणि अपिलासाठी वकील मिळणं, हा न्याय्य प्रक्रियेचा भाग आहे. त्या माणसाचं अपील चार वर्षांहून अधिक उशिरा दाखल झालं होतं, निकालाची प्रत आपल्याला मिळालीच नाही असं त्याचं म्हणणं होतं. फुकट वकील दिला आणि त्या वकिलाला वाचायला चालू वर्षाचं पुस्तक दिलं नाही, तर त्या हक्काचा अर्धाच भाग दिला असं मी म्हणेन. लोक अभिरक्षक कार्यालयांना अद्ययावत टीका आणि ऑनलाइन डेटाबेस देणं हा तुरुंगांवरच्या खर्चाच्या तुलनेत अगदी किरकोळ खर्च आहे.

त्या सहायक लोक अभिरक्षकांचा अर्ज सत्र न्यायालयापुढे सुनावणीला आला तेव्हा मी मागच्या बाकावर होतो. सरकारी वकिलांनी अपेक्षेप्रमाणे ४७९ चं दुसरं पोटकलम वाचलं. यांनी ऑगस्टच्या आदेशाची पूर्ण प्रत दिली, मग एकाच घटनेतली दोन कलमं म्हणजे ‘एकाहून अधिक गुन्हे’ नव्हेत हा युक्तिवाद केला. न्यायाधीशांनी तो नोंदवून घेतला. पुढच्या तारखेला जामीन मंजूर झाला तो ४८३ खाली, म्हणजे सत्र न्यायालयाच्या जामिनाच्या नेहमीच्या अधिकारात, दीर्घ काळ झालेला तुरुंगवास आणि एकही साक्षीदार न तपासला गेल्याचं कारण देऊन. दुसऱ्या पोटकलमाचा प्रश्न आदेशात खुला राहिला.

पंचवीस हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार, अशी अट होती. मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबाकडे सात-बारा असलेला जामीनदार नव्हता. महिना उलटला तरी तो माणूस आतच होता. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय, की जामीन मिळूनही महिनाभरात बंधपत्र देता आलं नाही तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. मॅडमनी त्या आदेशाची प्रत काढली आणि अट बदलून मागण्याचा दुसरा अर्ज टाईप करायला दिला.